रेषेच्या अलीकडे

मंदाताईनं कार्ड उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे शून्य कुणाचं?"

मी बुटाची नाडी बांधत होते. बांधून झालेली नाडी मी पुन्हा सोडली.

"तुझंच," मी म्हणाले. "म्हणजे गोलांचं. मागं आकडे असतात ना, सगळ्यांच्याच कार्डावर आहेत. माझ्यावर दोन लिहिलंय."

"आणि हा फोटो?"

फोटोही तिचाच होता. लाल ट्रॅक, हातात रिलेची काठी, वाऱ्यानं मागं खेचले गेलेले गाल, छातीवर देशाचं नाव. खाली सोनेरी अक्षरांत मी छापलं होतं, 'मंदाकिनी गावडे, ऑलिंपिक धावपटू'. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला वापरतात ती सोनेरी शाई.

"हे खोटं न्हाई," ती म्हणाली. "पण ही बाई आता कुठं हाय? मी इथं फुटबॉल खेळायला आलोय, तेजू. हिचं कार्ड काढायचं होतं तर चार वर्षांमागं काढायचंस."

आमच्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मंदाताई चंदगडची. ऑलिंपिकला जाऊन आली तरी तिचं बोलणं बदललं नव्हतं.

कार्ड तिनं फाडलं नाही. माझ्या बॅगेवर नीट ठेवलं आणि मैदानात निघून गेली. फाडलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापुरात पोरांच्या फुटबॉलला दहा-दहा हजार माणसं जमायची, पण बायकांचा संघ मानधन घेऊन खेळतो हे लोकांना नवीन होतं. राज्यातल्या आठ संघांची लीग सुरू झाली, त्यात आमचा 'करवीर' संघ होता. मी, तेजश्री निगवेकर, मधल्या फळीत खेळायचे. वय बावीस. माझं काम एकच, बॉल मिळवायचा आणि पुढं मंदाताईला लांब पास द्यायचा. मग ती पळायची.

आणि काय पळायची! ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या रिलेत दुसऱ्या टप्प्याला धावलेली बाई. मागून नवीन पोरी आल्या, रिलेच्या संघातली तिची जागा गेली, तेव्हा एकोणतिसाव्या वर्षी तिनं नोकरीतून बिनपगारी रजा घेतली आणि आमच्याकडं सही केली. आमचे कोच अमजद सर मुल्लाणी खूश होते. "अमेरिकेत असं झालंय बरं का," ते सांगायचे. "ऑलिंपिकला पळणारी माणसं पुढं त्यांच्या फुटबॉलमध्ये गेली. फक्त त्यांचा फुटबॉल हातात धरून खेळतात."

"हातात?" मंदाताई हसली होती. "मग त्यात अवघड काय हाय?"

अवघड पायातच होतं. माझा पास समोरच्या बचाव करणाऱ्या बॅकच्या डोक्यावरून जायचा, मंदाताई दोघींना मागं टाकून बॉलपर्यंत पोचायची आणि बॉलच्याही पुढं निघून जायची. कधी बॉल मागं राहायचा, कधी तिच्या नडगीला लागून मैदानाबाहेर. तेरा सामने झाले, तिचा एक गोल नाही. स्टेडियममधली पोरं ओरडायची, "एक्स्प्रेस आली, थांबा न्हाई!" ती हसून हात दाखवायची. मला वाटायचं, तिला काही लागत नाही.

कार्डं ही माझी हौस होती. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, छापखाना होता, पत्रिकांचा. कापून उरलेला जाड कागद ढिगानं पडलेला असायचा. मी प्रत्येक खेळाडूचं पत्त्याएवढं कार्ड करायचे. पुढं फोटो आणि नाव, मागं गाव, सामने, गोल आणि तिच्याबद्दलची एखादी ओळ. सामन्याच्या दिवशी पोरांना वाटायचे. पोरांनी त्यांची अदलाबदल सुरू केली. आमच्या गोलकीपरच्या एका कार्डासाठी माझी दोन द्यावी लागतात, असं एका पोरीनं मला तोंडावर सांगितलं होतं. सगळ्यांची कार्डं झाली, राहिली मंदाताई. ती 'नंतर बघू' म्हणायची आणि पोरं तर तिचंच मागायची.

मी थांबले नाही. इंटरनेटवरून तो ट्रॅकवरचा फोटो काढला आणि बुधवारी छापायला घेतलं. अण्णांनी पहिलं कार्ड उजेडात धरलं.

"विचारलंस का तिला?"

"हो."

"काय म्हणाली?"

"चालेल म्हणाली."

अण्णांनी चष्मा काढला. "मी पत्रिका छापायच्या आधी सगळी नावं घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. का? तर माणसाला आपलं नाव कसं लागलंय ते आधी कळलं पाहिजे. तू वाचून दाखवलंस?"

"दाखवलं," मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी सराव बघायला जमलेल्या पोरांना मी दोनशे कार्डं वाटली. गुरुवारी सकाळी त्यातलंच एक मंदाताईच्या हातात आलं. चहाच्या गाडीवर कुणीतरी तिला सही मागितली होती.

रविवारी शेवटचा सामना होता, नाशिकच्या संघाशी. आम्ही खालून दुसरे. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, बरोबरी झाली किंवा हरलो तर बाहेर. गुरुवारचा सराव भयानक झाला. मंदाताई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अमजद सरांनी सरावानंतर मलाच धरलं.

"तू पास देतीस तो सोन्यासारखा असतोय. पण दिल्यावर काय करतीस? पाहुण्यासारखी बघत उभी राहतीस. कमरेवर हात! अगं, खेळ पुढं गेला, तू पण जा की."

"माझं काम पास द्यायचं आहे सर."

"तुझं काम खेळायचं हाय," सर म्हणाले.

मी ते मनावर घेतलं नाही. माझ्या डोक्यात कार्डच होतं.

शुक्रवारी पहाटे मी वेळेच्या आधी तासभर मैदानावर गेले. माफी मागायची तर सगळ्यांच्या आधी मागावी, असा विचार होता. मंदाताई माझ्याही आधी आलेली. एकटीच बॉल पुढं ढकलायची, त्याच्यामागं पळायची आणि ओलांडून जायची. परत यायची, परत ढकलायची. चौथ्या खेपेला ती खाली बसली आणि बॉलला एक शिवी हासडली.

मी शेजारी जाऊन बसले. "ताई, मी न विचारता छापलं. अण्णांना पण खोटं सांगितलं. चुकलं माझं."

तिनं मूठभर गवत उपटलं. मग म्हणाली, "फोटोचं न्हाई गं. शून्याचं लागलं. खरं हाय म्हणून लागलं."

"तू फुटबॉलला आलीस कशाला? म्हणजे, खरंच विचारते. बाकीच्या धावणाऱ्या कोच होतात, नोकरी करतात."

"तू कधी शंभर मीटर पळलीस?"

"शाळेत."

"आठ जणी, आठ पट्टे. शेजारची दिसत न्हाई, बघायचं पण न्हाई. मान वळवली की गेलं. रिले म्हणजे चौघींचा खेळ म्हणतात, पण काठी हातात आली की तू एकटीच. बारा वर्षं मी गप पळलो. तुम्ही इथं कशा सारख्या ओरडत असता! 'दे', 'घे', 'मागं बघ', 'अगं आंधळी हायस का'. तुमचा सराव बघायला मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा तू आपल्या प्रतिभावर असली ओरडलीस, मला वाटलं आता मारामारी होणार. आणि पाच मिनिटांनी दोघी एका बाटलीतनं पाणी पिताय. म्हटलं, मला पण असलं कुणीतरी ओरडणारं पाहिजे." ती हसली. "पण मला थांबायलाच येईना. धावणाऱ्याला काय शिकवतात माहीत हाय? रेष शंभरावर न्हाईच म्हणून पळायचं. रेष एकशेदहावर हाय असं समजायचं. रेषेच्या अलीकडं जरा जरी पाय ढिला पडला तरी कोच काठी घेऊन मागं लागायचे."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तेरा सामने आम्ही सगळे तिला बॉल अडवायला शिकवत होतो. बॉलचा प्रश्नच नव्हता.

"ऊठ," मी म्हणाले. "बॉल ठेव बाजूला. लहानपणी स्टॅच्यू खेळलीस का?"

"म्हणजे कुणी 'स्टॅच्यू' म्हटलं की दगड व्हायचं, ते?"

"तेच. पळ. मी म्हणेन तेव्हा थांब."

ती सुटली. मी ओरडले, "स्टॅच्यू!" ती बारा पावलं पुढं जाऊन थांबली आणि स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्यांदा दहा. मी तिला सांगितलं, शेवटची पावलं आखूड टाक, कंबर खाली ने, पाटावर बसतीस असं समज. सातव्या-आठव्या खेपेला ती पाच पावलांवर आली आणि तोल जाऊन सपशेल बसली.

"पाटावर बसलो बघ!" ती ओरडली.

तोवर बाकीच्या मुली आल्या. कुणी विचारलं नाही काय चाललंय, बॅगा टाकून सगळ्या सामील झाल्या. मैदानभर अठरा बायका पळतायत आणि कुणीतरी ओरडलं की दगड होतायत. प्रतिभा जांभई देताना अडकली, तिचं तोंड तसंच उघडं. अमजद सर आले ते दारातच थबकले.

"हे काय, बालवाडी काढलीय काय?"

"स्टॅच्यू!" मंदाताई त्यांच्यावरच ओरडली.

सर खरंच थांबले. शिट्टी ओठात, एक पाय वर. आम्ही इतक्या हसलो की शेवटी तेही हसायला लागले आणि शिट्टी आपोआप वाजली. शनिवारी मात्र त्यांनीच पहिला अर्धा तास स्टॅच्यूसाठी राखून ठेवला. शनिवारच्या शेवटी मंदाताई दोन पावलांत थांबत होती. दहातल्या सहा वेळा.

शनिवारी दुपारी मी छापखान्यात अण्णांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. नवीन कागद काढून मशीनवर ठेवला आणि म्हणाले, "आता आधी वाचून दाखव." मी मंदाताईला फोन लावला आणि एकेक शब्द वाचला. फोटो सरावातला, गवतावर सपशेल बसून हसतानाचा. मंदाकिनी गावडे. चंदगड. फुटबॉलपटू.

"आणि गोल?" तिकडून आवाज आला.

"ती जागा मोकळी सोडलीय. ज्याचं कार्ड, त्यानं पेनानं भरायचं."

मग ती म्हणाली, "छाप."

रविवारी शाहू स्टेडियमवर निम्मं स्टेडियम भरलं, आणि बायकांच्या सामन्याला निम्मं म्हणजे आमच्यासाठी डोळे भरून येतील एवढं. चार वाजता खेळ सुरू झाला. नाशिकच्या मुली तयारीनं आल्या होत्या. मंदाताईचा वेग सगळ्या लीगला ठाऊक, त्यामुळं त्यांच्या दोघी बॅक कायम तिच्या दहा पावलं पुढं, आपल्या गोलकडं सरकून उभ्या. विसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. अर्ध्या वेळानंतर एका कॉर्नरवर इचलकरंजीच्या आमच्या प्रतिभानं उंच उडी घेऊन डोक्यानं बॉल आत घातला आणि एक-एक झालं. मंदाताईला मी सहा पास दिले. दोन बाहेर गेले, तीन बॅकनी अडवले, एक तिनं थांबवला, पण थांबवल्याच्या आनंदात पुढं काय करायचं ते विसरली. गॅलरीतून "एक्स्प्रेस! एक्स्प्रेस!" सुरूच होतं.

पाच मिनिटं उरली होती. मैदानाच्या मधोमध बॉल माझ्या पायात आला. मी मान वर केली, मंदाताईचा हात वर होता. उजव्या बाजूला, दोघी बॅकच्या डोक्यावरून मी पास दिला. देतानाच कळलं, जोर जास्त झालाय. बॉल कोपऱ्याकडं, शेवटच्या रेषेकडं घरंगळत निघाला.

मंदाताई सुटली. दोघी बॅक तिच्या दोन्ही बाजूंना, खांद्याला खांदा. त्यांना माहीत होतं, ही थांबत नाही. बॉल रेषेपलीकडं जाणार, ही पण जाणार, आपण फक्त हिच्याबरोबर पळायचं. त्यांची गोलकीपरही गोल सोडून तिकडं दोन पावलं सरकली. मी सवयीनं कमरेवर हात ठेवून उभी राहिले. 'स्टॅच्यू' ओरडायचं मला सुचलंसुद्धा नाही.

रेषेच्या हातभर अलीकडं मंदाताई थांबली.

आखूड चार पावलं, कंबर खाली आणि बॉल तळव्याखाली. दोघी बॅक तिच्या दोन्ही अंगांनी सुसाट रेषेपलीकडं गेल्या. एक जाहिरातीच्या फळीला धरून थांबली, दुसरी खालीच बसली. मग मंदाताई वळली. तिनं मान वळवून मागं बघितलं आणि पन्नास पावलांवरून मला ऐकू येईल अशा आवाजात ओरडली,

"तेजेऽऽ! बघत काय उभी हायस! ये की!"

मला कुणीतरी मागून ढकलल्यासारखं झालं. मी पळाले. एवढी लांब मी सामन्यात कधीच पळाले नव्हते. मधे कोण होतं, कोण आडवं आलं, मला आठवत नाही. तिचा आवाज तेवढा येत होता, "ये! ये! आणि पुढं ये!" गोलकीपर तिच्यावर धावली तेव्हा तिनं बॉल हळूच, एखाद्या बाळाला पुढं ढकलावं तसा, माझ्याकडं सरकवला. मी पाय घातला. पायाच्या पंजावर यायला पाहिजे होता तो नडगीवर आला, वाकडातिकडा उडाला, खांबाच्या आतल्या बाजूला लागला आणि जाळ्यात गेला. सबंध लीगमधला सगळ्यात कुरूप गोल असेल तो.

मी वळायच्या आत मंदाताई माझ्या अंगावर होती. तिच्यावर प्रतिभा, तिच्यावर बाकीच्या. ढिगाच्या तळाशी माझं तोंड गवतात होतं आणि कानाशी मंदाताई ओरडत होती, "बघितलंस काय? थांबलो बघ! मी थांबलो!"

"गोल मी केला," मी गवतातून म्हणाले.

"केलास की! मग? मी थांबलो!"

उरलेली मिनिटं कशी काढली ते अमजद सरांनाच माहीत. शिट्टी झाली तेव्हा ते बाकावर चढून रुमाल हलवत होते आणि बाकाचं एक फळकूट मोडलं.

एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. त्या रविवारनंतर मी फुटबॉल सोडणार होते. बँकेतल्या नोकरीचं पत्र आलेलं होतं, होकार कळवायचा बाकी होता. मला पक्कं वाटायचं की मी पास देणारी, बाजूला उभी राहून बघणारी आहे, आणि बघायचं तर ते बाहेरूनही बघता येतं. त्या कार्डांचा सगळा संच मी मुलींना जाताना भेट म्हणून देणार होते. म्हणूनच मंदाताईचं एवढ्या घाईनं, न विचारता छापलं. तिचं राहिलं असतं तर संच अपुरा राहिला असता.

सोमवारी मी बँकेला नाही म्हणून कळवलं. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते नडगीवाले गोल तरी नीट शिकून घे." मी पुढं नऊ वर्षं खेळले. मंदाताई अजून तीन हंगाम खेळली, तिनं अकरा गोल केले. आता ती गडहिंग्लजला मुलींना शिकवते, आणि मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत तिचा आवाज येतो असं लोक सांगतात.

पण मला जास्त आठवते ती त्या संध्याकाळची फेरी. कुणीतरी म्हणालं, जिंकल्यावर मैदानाला फेरी मारायची असते. आम्ही सगळ्या पळायला निघालो, तर मंदाताईनं हात आडवा केला.

"चालत," ती म्हणाली.

मग आम्ही चालत निघालो. ती दर दहा पावलांवर थांबायची. जाळीतून पोरांचे हात बाहेर आलेले, ती एकेक हात हातात घ्यायची. कुणाला नाव विचारायची, कुणाला शाळा. एका म्हातारबुवांनी खिशातली शेंगदाण्याची पुडी पुढं केली, तर तिनं उभ्या उभ्या सगळे शेंगदाणे खाल्ले, आम्हाला एक दिला नाही. नाशिकची ती फळीला धरून थांबलेली बॅक आली, तिच्याशी दहा मिनिटं बोलली. अमजद सर घड्याळ दाखवत होते, मैदानाचा माळी फाटकाशी किल्ल्या वाजवत होता, ऊन उतरत होतं, आणि पोरं तिला पुढं जाऊच देत नव्हती.

त्या एका फेरीला आम्हाला पाऊण तास लागला.